अवतरणचिन्ह, डेटाबेस आणि ‘धाराशिव’ : क्वेरी-लेखनातील एका प्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

डेटाबेसला विचारावयाचा प्रश्न, म्हणजेच क्वेरी, प्रोग्रॅममध्ये अक्षरांचे तुकडे जोडून तयार करताना अवतरणचिन्हांचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता टंकलेखनातील किरकोळ अडचण वाटतो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा १९७० पासूनचा प्रवास मांडला आहे. जुन्या देवनागरी टंकांमुळे महाराष्ट्रात या प्रश्नाला जे वेगळे रूप आले, ते ‘धाराशिव’ या जिल्हानामाच्या आधारे तपासले आहे. दोष अवतरणचिन्हाचा नसून आज्ञा आणि माहिती एकाच वाक्यात मिसळण्याच्या पद्धतीचा आहे, आणि मराठी अक्षरांच्या अनुभवातून ही गोष्ट इंग्रजीपेक्षा अधिक स्पष्ट होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अवतरणचिन्ह, क्वेरी, एसक्यूएल, देवनागरी टंक, कृतिदेव, युनिकोड, धाराशिव.

प्रस्तावना

निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या उस्मानाबाद शहराचे ‘धाराशिव’ असे नामांतर करण्यास केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली. जिल्ह्याच्या नामांतराची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. या निर्णयाविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये फेटाळल्या. नामांतराच्या राजकीय व सांस्कृतिक अंगांची चर्चा विपुल झाली आहे. तथापि, नाव जेव्हा बदलते तेव्हा ते फलक, शिक्के आणि पत्रशीर्षे यांवरच बदलत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १६.५७ लाख लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्याचे नाव शिधापत्रिका, सातबारा, विद्यार्थी नोंदणी, मतदार यादी, बँकांची खाती अशा असंख्य डेटाबेसमध्ये नोंदलेले आहे. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत हा जिल्हा होता, आणि त्या कार्यक्रमाचे मूल्यमापनही आकडेवारीच्या आधारेच होते. आधुनिक प्रशासनात नाव ही प्रथम एक नोंद असते.

ही नोंद शोधण्यासाठी, बदलण्यासाठी वा वाचण्यासाठी क्वेरी लिहावी लागते आणि क्वेरीमध्ये नाव अवतरणचिन्हांत ठेवावे लागते. नाव आणि अवतरणचिन्ह यांच्या या सहवासाचा इतिहास हा प्रस्तुत अभ्यासाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) क्वेरी-भाषेत अवतरणचिन्हाला प्राप्त झालेल्या कार्याचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२) जुन्या देवनागरी टंकांमुळे या प्रश्नाला आलेले स्वरूप स्पष्ट करणे.
३) अवतरणचिन्हाच्या अडचणीवर योजलेल्या उपायांची चिकित्सा करणे.
४) महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने निष्कर्ष मांडणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, टंकांच्या सांकेतिक रचनेचे विश्लेषण जिल्ह्यातील स्थलनामांच्या उदाहरणांद्वारे केले आहे.

१. अवतरणाची पूर्वपीठिका

दुसऱ्याचे शब्द आपल्या वाक्यात आणताना ते कोठे सुरू होतात व कोठे संपतात, हे दाखविण्याची गरज कोणत्याही भाषेला असते. संस्कृतमध्ये हे काम ‘इति’ हा शब्द करतो. तो उद्धृत शब्दांच्या शेवटी येतो आणि ‘येथपर्यंतचे बोलणे दुसऱ्याचे’ असे सांगतो. मराठीत ‘असे’, ‘म्हणून’ हे शब्द तीच जबाबदारी पार पाडतात. मराठवाड्यातील जुने दस्तऐवज ज्या मोडी लिपीत आढळतात, त्या लिपीत शब्द तोडून लिहिण्याची अथवा विरामचिन्हे देण्याची प्रथा नव्हती. वाचणारा कारकून संदर्भावरून व अशा शब्दांवरून अर्थ लावीत असे. इंग्रजी अमदानीत छापील मराठी गद्य वाढू लागले, तेव्हा विरामचिन्हे मराठीत रूढ झाली. या कामात मेजर थॉमस कँडी (१८०४-१८७७) यांचा वाटा मोठा होता. पुढे शालेय व्याकरणाने बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द दुहेरी अवतरणात आणि विशेष लक्ष वेधावयाचा शब्द एकेरी अवतरणात, असा संकेत स्थिर केला.

चिन्हाहूनही जुना प्रश्न तत्त्वाचा आहे. एखादा शब्द वाक्यात येतो तेव्हा तो आपला अर्थ सांगण्यासाठी आला आहे, की केवळ शब्द म्हणून आला आहे? पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील ६८ व्या सूत्रात याचा निर्णय केला आहे. व्याकरणशास्त्रात शब्द आला असता, तो पारिभाषिक संज्ञा नसेल तर, त्याच्या अर्थाऐवजी त्याचे स्वतःचे रूपच घ्यावे, असा त्या सूत्राचा आशय आहे. ‘अग्नी’ या शब्दाला प्रत्यय लावा असे सांगितले, तर तो जळत्या निखाऱ्याला लावावयाचा नसतो. शब्दाचा वापर आणि शब्दाचा उल्लेख यांतील हा भेद विसाव्या शतकातील संगणकशास्त्रापुढे पुन्हा उभा राहिला. तेथे वाचणारा जाणता कारकून नव्हता. तेथे यंत्र होते, आणि संदर्भावरून अर्थ लावणे त्याला शक्य नव्हते.

२. क्वेरी-भाषेचा जन्म आणि अवतरणाचा नियम

प्रारंभीच्या प्रोग्रॅमिंग भाषांत हा भेद दाखविण्याच्या दोन रीती होत्या. फोरट्रान या भाषेत हर्मन हॉलेरिथ यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत होती. तीत अक्षरे लिहिण्यापूर्वी त्यांची संख्या सांगितली जाई. ‘पुढील पाच अक्षरे जशीच्या तशी घ्या’ असे सांगितल्यावर त्या पाचांत कोणते चिन्ह आहे, याने काहीच बिघडत नसे. अवतरणचिन्हाची गरज नव्हती आणि म्हणून त्याची अडचणही नव्हती. परंतु अक्षरे मोजण्याचे काम माणसाने करावयाचे असल्याने चुका होत. त्यामुळे फोरट्रान-७७ मध्ये अक्षरमाला दोन एकेरी चिन्हांच्या मध्ये ठेवण्याची दुसरी रीत प्रमाण झाली. सोय वाढली, पण त्याबरोबर एक नवा प्रश्न आला. अक्षरमालेच्या आतच ते चिन्ह आले, तर काय करावयाचे? उत्तर असे ठरले की, ते दोनदा लिहावे.

डेटाबेसच्या क्षेत्रात हीच दुसरी रीत आली. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली. तिच्या आधारे डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ ही क्वेरी-भाषा मांडली. तेच नाव दुसऱ्या कंपनीच्या व्यापारचिन्हात असल्याने पुढे ते ‘एसक्यूएल’ असे झाले. १९७९ मध्ये आजच्या ओरॅकलच्या पूर्वरूपातील कंपनीने या भाषेवर आधारित डेटाबेस बाजारात आणला. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर या भाषेचे प्रमाणीकरण झाले. माहिती एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावी आणि आतील एकेरी चिन्ह दुप्पट करावे, हा नियम या प्रमाणात आहे. १९९२ च्या प्रमाणात दुहेरी अवतरणचिन्ह तक्त्यांच्या व स्तंभांच्या नावांसाठी राखून ठेवण्यात आले. एकेरी चिन्हात माहिती आणि दुहेरी चिन्हात नाव, अशी ही वाटणी आहे.

येथे एक बाब महत्त्वाची आहे. ही भाषा घडविणाऱ्यांनी मोठ्या प्रोग्रॅममधून डेटाबेस वापरण्यासाठी वेगळी सोय प्रारंभीच केली होती. कोबॉल किंवा पीएल-वन या भाषांतील प्रोग्रॅममध्ये क्वेरी लिहिताना बदलत्या माहितीच्या जागी त्या प्रोग्रॅममधील चलाचे केवळ नाव दिले जाई. क्वेरीची रचना आधी तपासून निश्चित होई आणि माहिती नंतर स्वतंत्रपणे पोहोचे. अशा क्वेरीत माहितीभोवती अवतरणचिन्ह लावण्याची वेळच येत नसे. योग्य मार्ग आरंभापासून उपलब्ध होता, ही गोष्ट पुढील इतिहास वाचताना ध्यानात ठेवावयास हवी.

३. जोडकामाचा प्रसार

१९९० च्या दशकात डेटाबेस मोठ्या संस्थांच्या संगणक केंद्रांतून बाहेर पडून कार्यालयाच्या टेबलावर आला. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस (१९९२), व्हिज्युअल बेसिक, पीएचपी (१९९५) आणि एएसपी (१९९६) या साधनांनी अल्प प्रशिक्षणात उपयुक्त प्रोग्रॅम लिहिणे शक्य केले. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत बीसीए, बीसीएस यांसारखे अभ्यासक्रम याच सुमारास वाढले. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि संगणक साक्षरता तालुक्यांपर्यंत पोहोचली. व्हिज्युअल बेसिक व ॲक्सेस यांवर आधारलेला ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ किंवा ‘विद्यार्थी प्रवेश’ हा प्रकल्प त्या काळातील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा विषय होता.

या प्रकल्पांत क्वेरी जोडून तयार केली जाई. आज्ञेचा पहिला तुकडा लिहावयाचा, त्याच्या शेवटी एकेरी अवतरणचिन्ह उघडे ठेवावयाचे, त्याला पडद्यावरील चौकटीत टंकलेले नाव जोडावयाचे, आणि शेवटी दुसरे एकेरी चिन्ह जोडून वाक्य मिटवावयाचे. व्हिज्युअल बेसिकमध्ये अक्षरमालेच्या सीमा दुहेरी अवतरणाने दाखवितात, तर त्या अक्षरमालेच्या आत असलेली क्वेरी आपल्या सीमा एकेरी अवतरणाने दाखविते. शिवाय व्हिज्युअल बेसिकमध्ये अक्षरमालेबाहेर आलेले एकेरी चिन्ह टिपणीची सुरुवात मानले जाते, आणि ॲक्सेसमध्ये दिनांकासाठी अवतरणाऐवजी ‘हॅश’ चिन्ह लागते. एका ओळीत तीन-चार प्रकारच्या सीमा सांभाळताना विद्यार्थ्यांची होणारी त्रेधा प्रयोगशाळेत शिकविणाऱ्या प्राध्यापकांना परिचित आहे.

इंग्रजीत हा प्रोग्रॅम बहुतेक वेळा चाले, कारण इंग्रजी नावांत एकेरी चिन्ह क्वचित येते. ओब्रायन हे आयरिश आडनाव किंवा गोवा व वसई भागातील डिसोझा, डिमेलो ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना मात्र ते येते. अशा आडनावाच्या विद्यार्थ्याची नोंद करताना नावाच्या पहिल्याच अक्षरानंतर क्वेरी तुटते व यंत्र दोष दाखविते. त्यावर ‘चिन्ह गाळून नाव लिहा’ असा उपाय सर्रास योजला जाई. याचा अर्थ, प्रोग्रॅमची चूक नागरिकाच्या नावात दुरुस्त केली जाई. क्वचित घडणारी गोष्ट म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झाले. मराठीत मात्र ती क्वचित घडणारी राहिली नाही.

४. देवनागरी टंक आणि ‘श’चा प्रश्न

देवनागरी टंकलेखन यंत्राला रोमन यंत्राइतक्याच कळा उपलब्ध होत्या आणि अक्षरे मात्र कितीतरी अधिक होती. त्यावर तोडगा म्हणून अर्धी अक्षरे व काना यांची विभागणी करण्यात आली. अर्ध्या ‘श्’पुढे काना दाबला की ‘श’ तयार होई. तरीही कळा अपुऱ्या पडल्याने इंग्रजी यंत्रावर विरामचिन्हे असलेल्या जागाही अक्षरांना द्याव्या लागल्या. टंकलेखन यंत्राच्या दृष्टीने यात काहीच अडचण नव्हती, कारण ते यंत्र कागदावर केवळ आकृती उमटवीत असे. त्या आकृतीला त्याच्या लेखी अर्थ नव्हता.

संगणकावर कृतिदेवसारखे टंक तयार झाले ते रेमिंग्टन धर्तीच्या याच आराखड्यावर. कृतिदेव हा टंक हिंदी प्रदेशात सर्वाधिक वापरला गेला आणि महाराष्ट्रातही त्याचा वापर झाला. या टंकात पडद्यावर ‘क’ दिसत असला, तरी संगणकाच्या स्मृतीत रोमन ‘डी’च साठविला जातो. टंक हा केवळ मुखवटा असतो. या योजनेत अर्धा ‘श्’ एकेरी अवतरणचिन्हाच्या आणि अर्धा ‘ष्’ दुहेरी अवतरणचिन्हाच्या जागी आहे. जिल्ह्यातील नावे या टंकात पुढीलप्रमाणे साठविली जातात.

उस्मानाबाद : एम, मोठा एल, ई, के, यू, के, सी, के, एन.
धाराशिव : तिरकी रेघ, के, के, जे, के, एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के, ओ.
वाशी : ओ, के, एकेरी अवतरणचिन्ह, के, एच.

दोन्ही जिल्हानावांना कळा नऊच लागतात. परंतु जुन्या नावात एकही अवतरणचिन्ह नाही आणि नव्या नावात एक आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी या आठ तालुक्यांपैकी धाराशिव आणि वाशी या दोन नावांत ते येते. माहिती कृतिदेवमध्ये साठविलेली असेल आणि क्वेरी जोडून तयार केलेली असेल, तर ‘वाशी’ तालुका शोधताना यंत्राला ‘ओ, के’ एवढेच तालुक्याचे नाव वाटते, तेथे अवतरण मिटते, आणि उरलेली ‘के, एच’ ही अक्षरे त्याला न समजणारी आज्ञा ठरतात. तोच प्रोग्रॅम तुळजापूर व परंडा यांसाठी बिनचूक चालतो. उस्मानाबादसाठी चालणारा प्रोग्रॅम धाराशिव हे नाव टंकताच थांबतो.

हा अपवाद नव्हे, हे शब्दांची यादी पाहिली की ध्यानी येते. शिंदे, देशमुख, जोशी, शेख, शेळके या सर्व आडनावांत ‘श’ आहे. शेत, शाळा, शासन, शिक्षक, शिधा हे तर प्रशासनाचे रोजचे शब्द आहेत. ‘वर्ष’, ‘कृषी’, ‘भाषा’, ‘पुरुष’ या शब्दांत ‘ष’मुळे दुहेरी अवतरण येते. याच योजनेत ‘य’ हे अक्षर अर्धविरामाच्या जागी आहे आणि एसक्यूएलमध्ये अर्धविरामाने आज्ञा संपते. ‘यशवंत’ या नावात अर्धविराम व अवतरणचिन्ह दोन्ही शेजारी शेजारी येतात. ‘ऋ’ हा अक्षराखालील रेघेच्या म्हणजे ‘अंडरस्कोर’च्या जागी आहे, आणि अंशतः जुळणारी नावे शोधण्याच्या क्वेरीत त्या चिन्हाचा अर्थ ‘येथे कोणतेही एक अक्षर चालेल’ असा होतो. ‘श्री’ मात्र सुटतो, कारण ‘श्र’साठी स्वतंत्र कळ आहे.

याच काळात वेगळा मार्गही उपलब्ध होता. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने विकसित केलेले जिस्ट तंत्रज्ञान आणि १९९१ चे ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण यांत रोमन अक्षरे व चिन्हे पहिल्या १२८ स्थानांत तशीच ठेवून भारतीय अक्षरांना वरची स्थाने दिलेली होती. त्यामुळे ‘श’ आणि अवतरणचिन्ह यांची गल्लत होत नसे. तरीही छपाई व कार्यालयीन मजकुरासाठी स्वस्त व सहज मिळणारे टंक अधिक पसरले. कागदावर नीट उमटते ते योग्य, ही टंकलेखन यंत्राच्या काळातील कसोटी संगणकाच्या काळातही टिकून राहिली.

५. उपायांचा इतिहास आणि त्यांच्या मर्यादा

अवतरणचिन्ह दुप्पट करणे हा पहिला उपाय होता. तो योग्य असला, तरी प्रत्येक ठिकाणी आठवणीने करावा लागतो. शंभर जागी केला आणि एका जागी राहिला, तर ती एक जागा पुरेशी असते.

दुसरा उपाय चिन्हापूर्वी बॅकस्लॅश देण्याचा होता. पीएचपी भाषेने हे काम आपोआप करण्याची ‘मॅजिक कोट्स’ नावाची सोय दिली. बाहेरून येणाऱ्या सर्व माहितीला यंत्र स्वतःच बॅकस्लॅश लावू लागले. ती माहिती डेटाबेसकडे जाणार आहे, पडद्यावर जाणार आहे की पत्रात छापली जाणार आहे, याचा विचार त्यात नव्हता. परिणामी पडद्यावरील नावांत अनाहूत बॅकस्लॅश उमटू लागले आणि कधी दोनदा लावल्याने नोंदीच बिघडल्या. ही सोय २००९ च्या ५.३ आवृत्तीत कालबाह्य ठरविण्यात आली व २०१२ च्या ५.४ आवृत्तीत काढून टाकण्यात आली.

या उपायाचा खोल दोष २००६ मध्ये उघड झाला. चिनी भाषेच्या जीबीके या सांकेतिक योजनेत एक अक्षर दोन बाइटचे असते आणि त्यातील दुसरा बाइट बॅकस्लॅशचाही असू शकतो. त्यामुळे संरक्षणासाठी लावलेला बॅकस्लॅश आधीच्या बाइटशी जुळून एक चिनी अक्षर बने आणि अवतरणचिन्ह मोकळे सुटे. पोस्टग्रेस व मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेसना त्या वर्षी सुरक्षा-दुरुस्त्या कराव्या लागल्या. कृतिदेवमध्ये अक्षर अवतरणचिन्हाच्या वेशात येते, जीबीकेमध्ये बॅकस्लॅश अक्षराच्या वेशात जातो. दोन्ही प्रसंगांचे मूळ एकच आहे. बाइट कोणत्या लिपीचा म्हणून वाचावयाचा, यावर दोन प्रोग्रॅमचे एकमत नसेल, तर चिन्हाची राखण करून उपयोग नसतो.

दरम्यान प्रश्नाचे स्वरूप दोषापुरते राहिले नव्हते. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात जेफ फॉरिस्टल यांनी टोपणनावाने लिहिलेल्या लेखात, चौकटीत टंकलेल्या मजकुराद्वारे डेटाबेसकडून भलतीच आज्ञा कशी पार पाडून घेता येते, हे दाखविले. अवतरणचिन्ह मिटवून त्यापुढे ‘किंवा एक बरोबर एक’ अशी सदैव सत्य ठरणारी अट लिहिली, तर परवलीचा शब्द न जाणताही प्रवेश मिळू शकतो. हाच प्रकार पुढे ‘एसक्यूएल इंजेक्शन’ या नावाने ओळखला गेला. अमेरिकेत २००९ च्या एका आरोपपत्रानुसार या मार्गाने हार्टलँड पेमेंट सिस्टिम्स व इतर कंपन्यांकडील १३ कोटींहून अधिक कार्डांची माहिती चोरली गेली. त्या प्रकरणातील प्रमुख आरोपीला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनमधील टॉकटॉक कंपनीच्या सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती याच प्रकारे बाहेर गेली व कंपनीला ४ लाख पौंड दंड झाला. २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल-हस्तांतर प्रणालीत हाच दोष आढळून जगभरातील संस्थांना फटका बसला. पंचवीस वर्षे माहीत असलेली चूक पुन्हा पुन्हा घडते, याचे कारण तिला अजूनही टंकलेखनाची चूक समजले जाते.

तिसरा उपाय खऱ्या अर्थाने नवा नव्हता. क्वेरीची रचना आधी पाठवावयाची, माहितीच्या जागी केवळ खूण ठेवावयाची आणि माहिती स्वतंत्रपणे द्यावयाची, ही १९७० च्या दशकातील कल्पनाच ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ या नावाने प्रचारात आली. १९९२ च्या ओडीबीसीमध्ये व १९९७ च्या जेडीबीसीमध्ये ती होती. पीएचपी व मायएसक्यूएलच्या वापरकर्त्यांपर्यंत ती २००४-०५ च्या सुमारास मायएसक्यूएलआय व पीडीओ यांद्वारे पोहोचली. या पद्धतीत माहितीची जागा दाखविण्यासाठी बहुधा प्रश्नचिन्ह वापरतात. कृतिदेवमध्ये प्रश्नचिन्हाच्या जागी अर्धा ‘घ्’ आहे. म्हणजे ‘घर’ हा शब्द प्रश्नचिन्हाने सुरू होतो. तरीही ‘घर’ हा शब्द माहिती म्हणून दिला असता काहीच बिघडत नाही, कारण माहिती आज्ञेच्या दाराने आत येतच नाही. ‘धाराशिव’, ‘वाशी’, ‘यशवंत’, डिसोझा यांपैकी कोणतेही नाव या पद्धतीत अडत नाही व कोणालाही आपले नाव बदलावे लागत नाही.

६. युनिकोडनंतरची स्थिती

युनिकोडच्या प्रसाराने ‘श’ आणि अवतरणचिन्ह यांची ताटातूट झाली. १९९१ च्या युनिकोडमधील देवनागरी विभाग इस्कीच्या धर्तीवर रचलेला आहे. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ योजनेत ‘श’ तीन बाइटचा असतो आणि त्यांपैकी एकही बाइट रोमन चिन्हाच्या स्थानावर येत नाही. मात्र प्रश्न संपला असे म्हणता येत नाही.

पहिली गोष्ट जुन्या नोंदींची आहे. जुन्या टंकांतील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना खरे अवतरणचिन्ह कोणते व ‘श्’ कोणता, हे टंकाचे नाव ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नाही, आणि डेटाबेसमध्ये टंकाचे नाव साठविलेले नसते. वर्डमधील सरळ चिन्हाचे वक्र चिन्ह करण्याची स्वयंचलित सोय चालू राहिली असेल, तर मूळ ‘श्’चा संकेतच बदललेला असतो. दुसरी गोष्ट अशी की, एसक्यूएल सर्व्हरमध्ये युनिकोड मजकुराच्या अवतरणापूर्वी ‘एन’ हे अक्षर लावावे लागते. ते विसरले तर, देवनागरी न जाणणाऱ्या सांकेतिक योजनेत, ‘धाराशिव’ या शब्दाच्या जागी सात प्रश्नचिन्हे साठविली जातात. यंत्र दोष दाखवीत नाही, पण नाव नाहीसे होते. पॅरामीटर युनिकोड प्रकाराचा दिल्यास ही अडचणही येत नाही.

तिसरी गोष्ट नावाच्या स्थानाविषयी आहे. नामांतरानंतरही जिल्ह्यातील वाहनांचा ‘एमएच २५’ हा क्रमांक कायम राहिला, कारण तो संकेतांक आहे, नाव नव्हे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका प्रत्येक जिल्हा, तालुका व गावाला स्वतंत्र संकेतांक देते. ज्या डेटाबेसने असा संकेतांक आधारभूत मानला, त्याला नामांतरासाठी एक ओळ बदलणे पुरेसे झाले असते. ज्याने प्रत्येक नोंदीत नावच लिहिले, त्याला प्रत्येक नोंद बदलावी लागते, आणि तेही अवतरणचिन्हांच्या मधून.

निष्कर्ष

१) अवतरणचिन्ह ही डेटाबेसमधील आज्ञा व माहिती यांची सीमारेषा आहे. क्वेरी जोडून तयार करणारा प्रोग्रॅम ही सीमा माहिती देणाऱ्याच्या हाती सोपवितो.
२) रोमन लिपीत ही अडचण क्वचित येत असल्याने ती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. कृतिदेवसारख्या टंकांत ती ‘श’ व ‘ष’ यांच्याबरोबर सामान्य शब्दांत व आडनावांत येते. ‘उस्मानाबाद’ आणि ‘धाराशिव’ या नावांतील फरक हे त्याचे नेमके उदाहरण होय.
३) चिन्ह गाळणे, दुप्पट करणे, बॅकस्लॅश लावणे हे उपाय चिन्हावर लक्ष ठेवतात. ते सांकेतिक योजनेच्या अचूक ज्ञानावर आणि मानवी स्मरणावर अवलंबून असल्याने अपुरे पडतात.
४) आज्ञा व माहिती वेगळी पाठविण्याची पद्धत क्वेरी-भाषेइतकीच जुनी आहे. ती मागे पडली याचे कारण तांत्रिक नसून अध्यापनाच्या व सोयीच्या सवयीत आहे.

समारोप

प्रयोगशाळेतील पहिल्या तासाला क्वेरी जोडण्याची रीत शिकवावी आणि सुरक्षितता हा विषय शेवटच्या प्रकरणासाठी ठेवावा, असा क्रम अनेक पाठ्यपुस्तकांत आढळतो. पहिल्या तासाला लागलेली सवय शेवटच्या प्रकरणाने मोडत नाही. त्यामुळे पॅरामीटरची पद्धत प्रथम शिकविणे आणि जोडकामाची पद्धत सदोष इतिहास म्हणून नंतर दाखविणे अधिक श्रेयस्कर ठरेल. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासमोर ‘वाशी’ आणि ‘धाराशिव’ ही दोन नावे ठेवली, तर परदेशी आडनावांच्या उदाहरणांपेक्षा हा विषय अधिक लवकर उमजेल.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ यांनी माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या रक्षणाची जबाबदारी टाकली आहे. ही जबाबदारी महानगरातील कंपन्यांपुरती मर्यादित नाही. तालुक्याच्या गावातील पतसंस्था, शाळा, रुग्णालय व महाविद्यालय यांच्याकडेही लोकांची नावे, जाती, उत्पन्ने व आजार नोंदलेले असतात, आणि त्यांचे प्रोग्रॅम बहुधा आपल्याच महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले असतात. दस्तऐवजात लिहिलेले नाव हे नावच राहावे, त्याची आज्ञा होऊ नये, याची खबरदारी मोडी वाचणारा कारकून आपल्या जाणतेपणाने घेत असे. यंत्राला तो जाणतेपणा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने द्यावयाचा असतो, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो त्याच्या शिक्षकाने द्यावयाचा असतो.